सात रकाने रिकामे का?

प्रश्न : आम्ही काही मित्र रविवारी पहाटे सोलापूरहून तुळजापूरपर्यंत सायकलने जातो. परवा घाट चढून चहाच्या टपरीवर टेकलो असता ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीवरून वाद पेटला. २०१० चे विजेतेपद आल्बेर्तो काँटाडोरकडून काढून अँडी श्लेकला दिले, मग लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदे दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकांना का दिली नाहीत? हा दुजाभाव नव्हे काय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दुजाभाव आहे, पण तो सकारण आहे. उत्तेजकांमुळे विजेता बाद झाला की दुसऱ्याने वर सरकायचे, हीच रीत. २००६ साली फ्लॉइड लँडिस बाद झाल्यावर ऑस्कर पेरेइरो विजेता ठरला तो तिच्यामुळेच. ऑक्टोबर २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगचे १९९९ ते २००५ चे विजय रद्द करताना आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने मात्र ती रीत मोडली आणि विजेत्यांच्या यादीतील ते सात रकाने रिकामेच ठेवले, कारण वर सरकवायचे कोणाला हाच पेच होता. १९९९ चा उपविजेता अ‍ॅलेक्स झुले याने आदल्याच वर्षी, फेस्टिना या सायकल संघाच्या उत्तेजक प्रकरणात, ईपीओ (रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे उत्तेजक) घेतल्याचे मान्य केले होते. तीनदा दुसरा आलेला यान उलरिख आणि २००५ चा इव्हान बास्सो या दोघांवरही स्पेनमधील ‘ऑपरेशन पुएर्तो’ या उत्तेजकांच्या तपासातून पुढे बंदी आली.

२०१० ची गोष्ट निराळी आहे. पिरेनीज पर्वतातील पोर्त द बालेसच्या चढावर आघाडीवीराची पिवळी जर्सी घातलेल्या श्लेकच्या सायकलची चेन पडली (ऐन घाटात चेन पडणे म्हणजे काय, हे तुमच्या मंडळींना सांगायला नको) आणि काँटाडोर न थांबता पुढे निघून गेला. प्रतिस्पर्ध्याची सायकल बिघडली असता हल्ला करू नये, असा या खेळातील अलिखित संकेत आहे. त्या दिवशी काँटाडोरने ३९ सेकंद कमावले आणि पॅरिसला पोहोचल्यावर दोघांमधील एकूण अंतरही नेमके ३९ सेकंदांचेच भरले. त्याच शर्यतीतील विश्रांतीच्या दिवशी घेतलेल्या काँटाडोरच्या नमुन्यात पुढे क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेले औषध सापडले. दूषित गोमांस खाल्ल्याचा त्याचा खुलासा क्रीडा लवादाला पटला नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये विजेतेपद गेले. श्लेकला चेनचा न्याय असा प्रयोगशाळेतून मिळाला, हे आम्हांस थोडे विचित्रच वाटते. पण त्याच्यावर त्या शर्यतीतला ठपका नव्हता, म्हणून त्याचे नाव लिहिता आले.

उलरिखच्या बाबतीत तसे केले असते, तर फजिती झाली असती. आर्मस्ट्राँगचे निकाल रद्द झाल्याच्या पुढच्याच वर्षी उलरिखने स्वतः ‘ब्लड डोपिंग’ची, म्हणजे रक्त चढवून ताकद वाढवल्याची, कबुली दिली.