ज्याची लिपी बदलतच नाही त्याला 'लिप्यंतर' कसं म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: फाइलींची नावं घाऊक बदलून देणाऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरचं मराठीकरण चाललंय, त्यात एक बटण आहे, काम काय तर आंतरराष्ट्रीय मजकूर साध्या ॲस्की अक्षरांत, म्हणजे नुसत्या इंग्रजीच्या अक्षरांत, बदलणे. या बटणावर मराठीत काय लिहायचं? विचारणाऱ्यांनी स्वतः तीन शब्द काढलेत, लिप्यंतर, लिप्यंतरण आणि रोमनीकरण, आणि यातला बरोबर कुठला असं विचारलंय. शिवाय ॲस्की लिहायचं की आस्की हेही विचारलंय, त्याचं शेवटी बघू.

माझं मत आधीच सांगतो, तिन्ही शब्द चांगले आहेत पण या बटणाला तिन्ही बसत नाहीत.

आधी शब्दच बघू. लिपि अधिक अंतर, इ पुढे अ आला की इ चा य होतो म्हणून लिप्यंतर, त्यामुळे य वर काना नाही, 'लिप्यांतर' हे बऱ्याच ठिकाणी छापलेलं दिसतं ते चूक आहे. आणि यातलं अंतर म्हणजे किलोमीटरवालं अंतर नव्हे, समासाच्या शेवटी आलेलं अंतर म्हणजे 'दुसरा, वेगळा'. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, वेषांतर म्हणजे दुसरा वेष, तसं लिप्यंतर म्हणजे दुसरी लिपी. भाषा तीच, उच्चार तोच, फक्त लिपी बदलली. आपल्याकडे हा शब्द कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून रोजच्या वापरात आहे, जमिनीचे जुने कागद मोडीत असतात, ते देवनागरीत करून देणाऱ्याला मोडी लिप्यंतरकार म्हणतात, म्हणजे हा काही भाषांतर करताना घाईत बनवलेला शब्द नाही. लिप्यंतरण हिंदीत रूढ आहे, मराठीत 'लिप्यंतर करणे' म्हटलं की भागतं, भाषांतराला आपण भाषांतरण म्हणत नाही तसंच.

आता रोमनीकरण. हा जो '-ईकरण' आहे त्याला संस्कृत व्याकरणात च्वि प्रत्यय म्हणतात, अर्थ असा की जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं. शुद्धीकरण म्हणजे जे शुद्ध नव्हतं ते शुद्ध करणं, राष्ट्रीयीकरण तसंच, आणि रस्त्याचं डांबरीकरण पण तसंच. म्हणजे रोमनीकरण व्हायचं तर मजकूर आधी रोमन नसला पाहिजे.

आणि नेमकं इथेच घोडं अडतं. हे बटण मुख्यतः कशासाठी केलंय बघा. फ्रेंचमध्ये कॅफे लिहिताना शेवटच्या ई च्या डोक्यावर एक तिरकी रेघ असते, जर्मन नावांत यू च्या डोक्यावर दोन टिंबं असतात, स्पॅनिशमध्ये एन वर नागमोडी रेघ असते. ही सगळी अक्षरं आधीपासूनच रोमन आहेत! फक्त ती ॲस्कीत नाहीत. ॲस्की हा 1963 साली सुरू झालेला अमेरिकेतला संकेत, कॉम्प्युटरने कुठली अक्षरं कशी साठवायची ते ठरवणारा, एकूण 128 जागा, त्यातल्या छापता येण्यासारख्या 95, त्याही एक स्पेस धरून, त्यात इंग्रजीची छोटी मोठी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं बसवली की संपलं, पॅरिस किंवा माद्रिदच्या माणसाला लागणारी अक्षरं त्यात नव्हतीच. तेव्हा हे बटण दाबलं की लिपी बदलत नाही, रोमनची रोमनच राहते, फक्त डोक्यावरच्या खुणा जातात. याला लिप्यंतर म्हणणं म्हणजे माणसाने टोपी काढली तर त्याला वेषांतर म्हणण्यासारखं झालं.

हे काम आत कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण त्यावरूनच योग्य शब्द सापडतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या संकेतात, रेघवाला ई दोन प्रकारे लिहिता येतो, एक अख्खं अक्षर म्हणून नाहीतर साधा ई आणि त्याच्यापुढे सुटी रेघ. प्रोग्राम आधी सगळी अक्षरं अशी सुटी करून घेतो आणि मग सुट्या खुणा टाकून देतो, उरलं ते साधं अक्षर. पोलिश भाषेतला मधून आडवा छेद गेलेला एल किंवा डॅनिश ओ मात्र असा सुटा होत नाही, तो छेद अक्षराच्या अंगातच धरलाय, त्यामुळे अशांसाठी वेगळं टेबल ठेवावं लागतं, या अक्षराऐवजी हे लिहा म्हणून. आणि टेबल आलं की भाषा आली. जर्मन माणूस टिंबवाल्या यू च्या जागी यू-ई अशी दोन अक्षरं लिहितो, तुर्की माणूस नुसता यू लिहितो, अक्षर एकच पण उत्तरं दोन. पासपोर्टच्या खाली मशीनने वाचायच्या दोन ओळी असतात त्यात तर फक्त 26 मोठी अक्षरं, आकडे आणि कोनासारखी एक भरतीची खूण एवढंच चालतं, तिथे जर्मनीतल्या म्युलर आडनावात आपोआप एक ई वाढतो.

खुणा गेल्याने अर्थ जातो का? जातो ना. स्पॅनिशमध्ये एन वरच्या नागमोडी रेघेसकट जो शब्द 'वर्ष' आहे तोच रेघ काढली की 'गुदद्वार' होतो, शाळेतल्या पोराला पण हे माहीत असतं तिकडे. सर्चसाठी, म्हणजे कुणी खुणा न देता टाइप केलं तरी सापडावं म्हणून, आतल्या आत खुणा काढून ठेवणं उपयोगाचं आहे आणि सगळे करतात, पण मूळ मजकूर शेजारी शाबूत पाहिजे.

आता आपल्या मजकुराचं काय होतं ते बघा, कारण हे मी स्वतः करून बघितलंय आणि तुम्हीही हे बटण मराठी फाइलींवर एकदा चालवून बघाच. नुसत्या सुट्या खुणा टाकून देणारा छोटा प्रोग्राम घेतला आणि त्याला 'पुणे' दिलं. बाहेर आलं 'पण'. उकार गेला आणि मात्रा पण गेली. मुंबईची 'मबई' झाली, ठाण्याचं 'ठाण', धुळ्याचं 'धळ', कोल्हापूरचं 'कोलहापर', कारण पाय मोडायची खूण पण गेली. आणि सातारा, नाशिक, अकोला, बीड मात्र जसेच्या तसे! मला पहिल्यांदा कळेना असं का. कारण असं की युनिकोडने आपल्या खुणांचे दोन गट केलेत, स्वतःची जागा घेणाऱ्या आणि जागा न घेणाऱ्या. काना, दोन्ही वेलांट्या, काना-मात्रा या शेजारी जागा घेतात म्हणून त्या एका गटात, आणि उकार, नुसती मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण या वरखाली चिकटतात म्हणून दुसऱ्या गटात, आणि फ्रेंच ई वरची रेघही त्याच दुसऱ्या गटात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्या गटाला 'टाकून द्यायची सजावट' समजून सरसकट काढलं. रेघ गेली तरी फ्रेंच माणूस अंदाजाने वाचेल, पण उकार ही आमची सजावट नाही, तो स्वर आहे हो, ते अर्धं अक्षर आहे. 'मुले' चं 'मल' होतं, 'कुठे' चं 'कठ' होतं. आणि कुणी नुसतं सातारा घालून टेस्ट केलं तर त्याला वाटणार सगळं छान चाललंय.

अजून एक बारीक गोष्ट. आचार्याला आणि आचाऱ्याला, हा फरक आपल्याला शाळेत शिकवतात, एक गुरुजी आणि एक स्वयंपाकी. यातला दुसरा जो ऱ आहे तो युनिकोडच्या हिशोबाने साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे एक टिंब, असा सुटा होतो. म्हणजे प्रोग्रामने आधी अक्षरं सुटी केली, मग नुक्ता टाकला, मग पाय मोडायची खूण टाकली, दोन्हीकडे उरलं 'आचारयाला'. गुरुजी आणि स्वयंपाकी एकच.

दुसऱ्या प्रकारचे प्रोग्राम खुणा टाकत नाहीत, प्रत्येक अक्षराला टेबलातून रोमन अक्षर देतात. यातला सगळ्यात गाजलेला युनिडिकोड, शॉन बर्क यांनी 2001 साली पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी केला, मग पायथनमध्ये आला आणि सगळीकडे पसरला. इथे देवनागरीची खरंच रोमन लिपी होते, त्यामुळे लिप्यंतर म्हणायला निदान जागा आहे. पण तो एकेक अक्षर सुटं बघतो, शब्द बघत नाही. व्यंजनात जो अ मुरलेला असतो तो त्याला दिसत नाही, 'कमल' दिलं की नुसतं के-एम-एल. चिनी अक्षरांचंही तसंच, बीजिंगचं बरोबर येतं पण टोकियोची अक्षरं दिली की चिनी उच्चाराने दोंग जिंग येतं, कारण जपानी लोक तीच अक्षरं वेगळी वाचतात हे टेबलाला कुठून कळणार. आपल्यात ज्ञ घ्या. आपण ज्ञानेश्वर रोमनमध्ये डी पासून लिहितो, हिंदीवाले जी पासून, अभ्यासक जे पासून, एका माणसाचं नाव यादीत तीन ठिकाणी. ऋ चं पण तेच, आपला रु आणि त्यांचा रि. माझ्या मावशीचं नाव मृणालिनी, एका कागदावर एम-आर-यू आणि दुसऱ्यावर एम-आर-आय, दोन्ही एकच बाई आहे असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं तिला वयाच्या सत्तरीत, आणि त्या ऑफिसात 'स्पेलिंग तुमचंच चुकलंय' असं ऐकून घ्यावं लागलं. मूळ अक्षरात तिची काहीच चूक नव्हती.

याच्या उलट, नीट केलेलं लिप्यंतर कसं असतं तर परत येता येतं असं. गोव्यात 1616 साली राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, भाषा मराठी, लिपी रोमन, कारण छपाईचे देवनागरी खिळे हाताशी नव्हते. म्हणजे मशीनला आपली अक्षरं येत नाहीत म्हणून मराठी साध्या रोमन अक्षरांत बसवायची ही अडचण आजची नाही, 400 वर्षांची आहे. पण त्यांनी काय केलं, ल साठी एक एल आणि ळ साठी दोन एल. फरक राखला, नवीन खिळा न पाडता. म्हणून 1956 मध्ये प्रा. शांताराम बंडेलू यांना ते देवनागरीत आणता आलं. आजचं प्रमाण लिप्यंतर, आयएसओ 15919, 2001 सालचं, तेही ळ राखतं, एल खाली टिंब देऊन. आणि आता गंमत बघा, या प्रमाण पद्धतीने 'कळ' लिहा आणि तुमचं ते बटण दाबा. टिंब गेलं. उरलं के-ए-एल-ए. आता ते कळ, कल, कला, काळा, कळा काहीही वाचा. पहिलं काम लिप्यंतर होतं, दुसरं काम लिप्यंतर नव्हतं, एकाच शब्दावर दोन वेगळी कामं लागोपाठ झाली, त्यांना एकच नाव दिलं तर वापरणाऱ्याला कळणारच नाही की नुकसान कुठल्या पायरीवर झालं. माझा सगळा आग्रह एवढ्याचसाठी आहे.

मग दुसऱ्या कामाला म्हणायचं काय? या धंद्यातले लोक इंग्रजीत याला 'फोल्डिंग' म्हणतात, म्हणून 'घडी घालणे' सुचेल, पण घडी उलगडते, घडी घातलेली साडी परत नेसता येते, इथे गेलेलं टिंब परत येत नाही. 'बोडकी अक्षरं' असंही डोक्यात आलं होतं, अचूक आहे, पण त्या शब्दामागे केशवपन केलेल्या बायकांचं दुःख आहे, तो बटणावर नको. 'सुलभीकरण' म्हटलं तर वाटतं वाचायला सोपं केलं, ते खरं नाही. मला आवडतो 'खुणा उतरवणे'. उतरवणे मध्ये दागिने उतरवणे आहे, अंगावरचं काढून ठेवणं आहे, काय होतंय ते बरोबर कळतं.

तुमच्या बटणावर असं लिहा: 'अक्षरांवरच्या खुणा उतरवा (फक्त साधी रोमन अक्षरं उरतील)'. आणि खाली सूचना: 'मराठी, हिंदी नावांना वापरू नका, उकार आणि मात्रा जातील'. सॉफ्टवेअर युनिडिकोडसारखं टेबल वापरत असेल, ते मूळ कर्त्यांना विचारून घ्या, तर मात्र 'रोमन लिपीत बदला' लिहा, लिप्यंतर लिहिलंत तरी माझी हरकत नाही.

राहिलं ॲस्की की आस्की. इंग्रजी उच्चार ॲ चा आहे, बॅटमधला, तेव्हा ॲस्की. पण हा ॲ कुठला टाइप करताय ते बघा. ॲ हे अख्खं अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, त्याआधी आणि अजूनही बरेच कीबोर्ड अ वर चंद्र देऊन अॅ करतात. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे, आणि युनिकोड त्यांना एकमेकांत बदलूनही देत नाही. तुमचंच ते बटण लावलं तर अख्ख्या ॲ चं 'ॲसकी' राहतं आणि जोडलेल्या अॅ चं 'असकी' होतं. तेव्हा भाषांतराच्या फाइलीत एकदा शोधून सगळीकडे अख्खा ॲ करून घ्या.