बारामतीहून सेस्ना घेऊन बेळगावला उतरायचं आहे. छोटा विमानतळ आहे, काही अवघड जातं का?

उतरायला काहीच अवघड जात नाही. अवघड जातं ते उतरल्यानंतरचं, आणि ते सगळं निघायच्या आदल्या दिवशी फोनवर मिटवावं लागतं.

तुम्ही लिहिलंय की पीपीएल (खासगी वैमानिकाचा परवाना) नुकतंच हातात आलंय, क्लबचं सेस्ना १७२ भाड्याने मिळतंय आणि एका दिवसात जाऊन यायचा विचार आहे. मी बेळगावचाच. माझंही स्वतःचं विमान नाही, तासाच्या भाड्यानेच उडवतो. त्यामुळे तुमच्यासारख्याच माणसाच्या सोयीचं सांगतो.

आधी 'छोटा' हे डोक्यातून काढा. सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी १९४२ ची, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलाने बांधलेली. आज शेजारीच आपल्या हवाई दलाचं ठाणं आहे आणि तिथे नव्या वायुसैनिकांचं प्रशिक्षण चालतं. नवं टर्मिनल २०१७ मध्ये सुरू झालं आणि धावपट्टी आता २,३०० मीटर आहे. १७२ ला त्यातली चौथाई पुरून उरते. या पट्टीवर एटीआर (पंख्याची प्रवासी विमानं) येतात, एम्ब्रेअर जेट येतात, आणि मध्येच वैमानिक व्हायला शिकणाऱ्या पोरांची विमानं सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या चौकटीत, फेऱ्या मारत असतात. म्हणजे रेडिओवर जास्त कान द्यायचा तो प्रवासी विमानापेक्षा या पोरांकडे. 'फायनल' (उतरण्याआधीचा शेवटचा सरळ टप्पा) म्हणून सांगितलेलं विमान कधीकधी अजून त्याच्या आधीच्या टप्प्यावर, बेसवरच, वळत असतं. हवाई दल शेजारी असल्यामुळे फोटो काढायचा मोह मात्र आवरा.

तुमचा मार्ग नशिबाने फार देखणा आहे. बारामती आणि सांबरा जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, अंतर सुमारे १४० नॉटिकल मैल. नाक सरळ दक्षिणेला धरा, दीड तासाच्या आसपास पोचाल. आधी कृष्णा ओलांडता, मिरज जंक्शनचे फाटणारे रूळ ओळखू आले की मार्ग बरोबर आहे. मग चिकोडी, मग हुक्केरी, आणि त्यानंतर घटप्रभेवरचं हिडकलचं धरण. हे चारही ठिपके तुमच्या रेषेवरच पडतात. हिडकलपासून सांबरा जेमतेम ३० किलोमीटर, त्यामुळे धरण दिसलं की टॉवरशी बोलायची वेळ झाली असं मी धरतो. विमानतळ शहराच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर, बागलकोट रस्त्याला लागून आहे; मुतगा, बाळेकुंद्री, मोदगा ही गावं आसपास. हमरस्त्यालगतची सुवर्ण विधानसौधची मोठी फिकट इमारत पोटाखाली आली तर समजा, सांबरा मागे राहिला. पश्चिमेला नजर गेली तर सह्याद्रीची काळी रांग दिसेल. त्या बाजूला उगाच भटकू नका.

एक बारीक गोष्ट. मार्ग १८० अंशांच्या इतका जवळ आहे की व्हीएफआरसाठी (डोळ्यांनी बाहेर बघून उडण्याच्या नियमांसाठी) उंचीची विषम पातळी घ्यायची की सम, हे एका अंशावर ठरतं. चुंबकीय मार्ग, म्हणजे होकायंत्रावरची दिशा, नीट मोजा आणि मगच फ्लाइट प्लॅनमध्ये पातळी भरा.

उंचीचं गणित आधी करून ठेवा. सांबरा समुद्रसपाटीपासून ७५८ मीटर, म्हणजे २,४८७ फूट. जमिनीपासून हजार फुटांवर सर्किट उडवताना अल्टिमीटर (उंचीमापक) साडेतीन हजारांच्या आसपास दाखवेल, हे मनात पक्कं असू द्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३५ ला गेला की त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा हवा सुमारे २५ अंशांनी जास्त तापलेली असते. ढोबळ हिशेबाने अंशामागे १२० फूट धरा, म्हणजे तुमचं विमान जमिनीवर उभं असतानाच साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. धावपट्टी लांब असल्याने जमीन सुटेल हो, पण नंतर चढताना इंजिन नुसतंच गुरगुरत राहतं. चौघं बसून आणि टाक्या गच्च भरून १७२ उन्हाळ्यात इथून उडवू नका. दोघं या.

हंगाम विचाराल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर विषयच काढू नका. पश्चिमेला आंबोली, चोर्ला, जांबोटी असे पाऊस कोसळणारे पट्टे आहेत, आणि तिकडचा ढग घाटमाथा ओलांडून सरळ शहरावर येऊन टेकतो. नियंत्रित क्षेत्रात व्हीएफआरला ५ किलोमीटर दृश्यमानता आणि १,५०० फुटांवर ढगाचा तळ लागतो. पावसाळ्यात सकाळी मिळालेलं हे दोन्ही दुपारपर्यंत टिकेलच असं नाही. वारा मात्र त्या दिवसांत पश्चिमेचा पक्का, थेट धावपट्टी २६ च्या (पश्चिमेकडे तोंड करून वापरायच्या दिशेच्या) तोंडावर. पण त्याचा उपयोग तुम्हाला नाही.

आता कागदपत्रं. फ्लाइट प्लॅन, त्यावर एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) क्रमांक आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) क्रमांक, हे तुम्हाला क्लबने शिकवलंच असेल. सांबऱ्याचं चार अक्षरी नाव व्हीओबीएम. ज्याकडे नवे लोक दुर्लक्ष करतात ते म्हणजे टॉवरची कामाची वेळ. मोठ्या शहरासारखा टॉवर इथे चोवीस तास चालू असेल असं गृहीत धरू नका. त्या दिवसाचा नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) वाचा आणि विमानतळावर फोन करून चार गोष्टी विचारा: आमच्या वेळेला टॉवर चालू आहे का, ॲप्रनवर (विमानं उभी करायच्या फरशीवर) जागा आहे का, आत-बाहेर करताना सुरक्षेला कोणता कागद दाखवायचा, आणि परतीच्या उड्डाणाआधीची दारूसाठीची श्वासचाचणी कुठे होईल. नियमित विमानांच्या वेळा पण त्याच फोनवर विचारा, म्हणजे एटीआरच्या मागे ताटकळावं लागणार नाही. कन्नड येत नसलं तरी काही अडत नाही, मराठीत विचारलं की मराठीत उत्तर देणारा कुणीतरी असतोच. विमान बांधून ठेवायच्या खुंट्या आणि दोर मात्र आपले आपण आणा.

इंधन ही खरी कटकट. भारतातल्या बहुतेक जिल्हा विमानतळांवर मिळतं ते एटीएफ, जेटचं इंधन. तुमच्या १७२ च्या पिस्टन इंजिनाला लागतं ॲव्हगॅस १०० एलएल. २०२२ पर्यंत तर ते आपण सगळं आयात करत होतो, त्या वर्षी इंडियन ऑइलने वडोदऱ्यात बनवायला सुरुवात केली. प्रशिक्षण संस्था आपल्या विमानांपुरता साठा ठेवतात. पाहुण्याला त्यातून मिळेल या भरवशावर निघू नका. जाऊन-येऊन साधारण तीन तास, वर एक तास राखीव, एवढं बारामतीलाच भरून घ्या. १७२ च्या टाकीत ते बसतं. आणि कुणी मदतीच्या भावनेने बाउझर (इंधनाचा टँकर) आणून लावलाच, तर नळी हातात घेण्याआधी रंग बघा. १०० एलएल निळसर असतं. एटीएफ पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं. चुकून एटीएफ गेलं तर इंजिन जमिनीवर बरं चालल्यासारखं वाटतं आणि दगा देतं ते नेमकं उड्डाणानंतर.

गावात जायला बाहेर रिक्षा मिळते, बागलकोट रस्त्यावर बसही असते. जेवून कुंदा (बेळगावची मिठाई) घ्याल, घ्यायलाच पाहिजे, पण डब्यांचं वजन हिशेबात धरा. मी हे चेष्टेत म्हणत नाही.

परतताना चाकं उचलायची वेळ हिवाळ्यात दुपारी तीन-साडेतीनच्या पुढे ढकलू नका. व्हीएफआरची मुदत सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी संपते, तुमचा प्रवास दीड तासाचा, आणि उत्तरेकडचा समोरचा वारा असला तर त्याहून जास्त. उशीर झालाच तर कोल्हापूर हा पर्याय आधीच प्लॅनमध्ये लिहून ठेवा.

सोबत येणारा मित्र 'पेट्रोलचे पैसे देतो' म्हणतोय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. पीपीएलवर मोबदला घेऊन उडता येत नाही, त्यामुळे भाडं वाटेल असं काही त्याच्याकडून घेऊ नका. जेवणाचं बिल त्याला देऊ द्या.