बसतो की ठेवतो?

प्रिय रूथ,

शुक्रवारी शाळेतून येताना गाडीत तू विचारलंस, "आजोबा बरे व्हावेत म्हणून आजीने एवढी प्रार्थना केली. तरी ते गेले. मग ती अजून जेवायच्या आधी पदर डोक्यावर घेऊन देवाचे आभार का मानते? तो ऐकतो याचा तिच्याकडे पुरावा काय?" मी म्हणाले, "सिग्नल सुटलाय, नंतर बोलू." सिग्नल सुटला होता हे खरं, पण मला उत्तर येत नव्हतं हे जास्त खरं. म्हणून लिहितेय. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा सावकाश वाच. अडलं तर स्वयंपाकघरात ये.

आधी एक सांगते, तुझा प्रश्न उद्धट नाही. माझी नोकरीच पुराव्यावर चालते. वॉर्डात कुणी "आता बरं वाटतंय" म्हणालं तरी मी ताप मोजतेच. चर्चमध्ये मात्र असा प्रश्न विचारला की कुणीतरी लगेच म्हणतं, "काय गं, थोमा झालीस का?" मलाही शरणपूरला लहानपणी हे ऐकावं लागलंय. तेव्हा खाली मान घातली होती, आता घालणार नाही. थोमावर आपण फार अन्याय करतो.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढ. येशू पुन्हा जिवंत होऊन शिष्यांना भेटला, त्या संध्याकाळी थोमा तिथे नव्हता. बाकीच्यांनी सांगितल्यावर तो म्हणाला, खिळ्यांच्या खुणा पाहून त्यांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. झालं, कायमचा संशयी ठरला! पण बाकीच्यांनी तरी न पाहता कुठे मानलं होतं? लूक त्याच्या शुभवर्तमानात लिहितो की कबरीकडून आलेल्या बायकांचं सांगणं त्यांना बडबड वाटलं. (पुरुष!) बाकीच्यांना जे दिसलं तेवढंच थोमाने मागितलं. आणि हाच थोमा योहानाच्याच अकराव्या अध्यायात म्हणतो, चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. हा भित्रा माणूस नव्हे. आठ दिवसांनी येशू आला आणि न रागावता त्याच्यापुढे हात केले. थोमाने खरंच बोट घातलं का, ते योहान लिहीतच नाही. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "माझ्या प्रभू, माझ्या देवा!" मग येशू म्हणतो की न पाहता विश्वास ठेवणारे धन्य.

यावर प्रार्थनासभेत आजोबा द्राक्षाचा दाखला द्यायचे. एप्रिलच्या छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात, म्हणजे जिथून पुढे फूट निघते तिथे, घड तयार होतो, बाहेरून काहीच दिसत नाही, तरी शेतकरी ऑक्टोबरची छाटणी करतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं खातो. सगळे "आमेन" म्हणायचे. एकदा दिंडोरीचे मामा आले होते. ते मागून म्हणाले, "दाजी, आम्ही ऑक्टोबरच्या आधी डोळे तपासून घेतो. लॅबमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली. घड नसेल तर कळायला नको?" सगळे हसले, आजोबाही. तो दाखला त्यांनी पुन्हा दिला नाही. मलाही तो पटत नाही, म्हणून तुला देत नाही.

मला जे सुचतं ते आपल्या भाषेतलं आहे. मराठीत विश्वास बसतो, विश्वास उडतो आणि विश्वास ठेवतात. बसणं-उडणं आपल्या हातात नसतं. पाखरू येऊन बसावं तसं ते. ठेवणं मात्र आपण करतो. थोमाचा बसला. धन्य म्हटलंय ते ठेवणाऱ्यांना. मार्काच्या शुभवर्तमानात एका आजारी मुलाचा बाप येशूला एका दमात दोन्ही सांगतो: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो हा बाप.

आता आजी. आजोबांच्या शेवटच्या आठवड्यात मी नाशिकला होते. शेजारच्या काकूंनी नाशिकरोडच्या बाळ येशूला नवस बोलला होता. फेब्रुवारीतल्या त्या यात्रेला सगळ्या धर्मांची माणसं जातात, काकूही दरवर्षी जातात. आजीने त्यांचे हात हातात घेतले, पण स्वतः नवस बोलली नाही. त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर मी तिला तुझाच प्रश्न विचारला, जरा चिडूनच. म्हटलं, "आई, तुझा अजून विश्वास बसतो?" ती बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आज नाही गं बसत. ठेवते." आणि डबा उघडून मला जेवायला लावलं. आधी डोळे मिटले, ओठ हलले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

रूथ, हा पुरावा नव्हे, हे मला कळतं. देव ऐकतो हे यातून सिद्ध होत नाही. पण आजी काय करते, ते त्या रात्री मला पहिल्यांदा दिसलं. आजोबांना वाचवलंस तर आभार मानीन, असा तिचा करार नव्हताच. चाळीस वर्षं ती ज्याच्याशी बोलत आली, त्याच्याशी तिने त्या रात्रीही बोलणं सोडलं नाही. माझं तसं नाही. त्यानंतर वर्षभर मी चर्चमध्ये नुसती ओठ हलवत होते. हे तिला सांगू नकोस. नाहीतर सांग, तिला माहीत असेलच.

आजी ठेवते म्हणून तूही ठेवलाच पाहिजेस असं नाही. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं नाव ऐकलंयस ना? त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. पुढे नवऱ्याकडे राहायला आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं सांभाळलं. जात देवाने केलेली नाही हे त्यांना त्यांचं पटलं, तेव्हाच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधे सुमारे पाच वर्षं गेली. तू तर अकरा वर्षांची आहेस.

रविवारी आजीचा फोन येईल, तेव्हा तिलाच विचार. "पुरावा" हा शब्द बिनधास्त वापर, ती रागावणार नाही. फक्त स्पीकर लावू नकोस. काही उत्तरं ती मला ऐकू येईल असं देणार नाही.

नाताळच्या करंज्या संपत आल्यात. दोन तुझ्यासाठी निळ्या डब्यात ठेवल्या आहेत.

तुझी,
ममा