जुन्या इंग्लिश चर्चमध्ये आधी खुणा शोधा

तुम्ही विचारलंय, इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या जुन्या पॅरिश चर्चमध्ये शिरलं, की रंगीत काचा सोडून बघायचं काय? मी आधी जे उरलं नाही त्याच्या खुणा शोधतो.

दाराजवळच बाप्तिस्म्याचं दगडी कुंड असतं. त्याच्या काठावरून बोट फिरवा. कुठे लोखंडी कडीचा तुकडा, कुठे फुटका दगड लागेल. मंतरलेलं पाणी जादूटोण्यासाठी चोरीला जाऊ नये म्हणून 1236 मध्ये कुंडांना झाकण आणि कुलूप लावायचा आदेश निघाला होता, त्याची ही आठवण. पुढे झाकणंच बघण्यासारखी झाली. सफक परगण्यातल्या अफर्ड गावचं कोरीव झाकण 18 फूट उंच आहे. 1644 मध्ये मूर्ती फोडत फिरणारा विल्यम डाउझिंगही त्याच्यावर लुब्ध झाला. झाकण वाचलं, त्यावरचे मूर्तींचे कोनाडे मात्र आज रिकामे आहेत.

मग वेदीकडे जाताना आडवा येणारा लाकडी जाळीदार पडदा, म्हणजे रूड स्क्रीन. त्यावर माळा असे आणि माळ्यावर क्रुसावरचा येशू, शेजारी मरिया आणि योहान. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत, म्हणजे इंग्लंड रोमच्या पोपपासून वेगळं झालं तेव्हा, मूर्ती गेल्या, 1561 च्या आदेशाने माळेही उतरवले, पडदे बरेचसे राहिले. त्यामुळे भिंतीत उंचावर माळ्यावर जायचं एखादं दार दिसतं, ज्यातून पाऊल टाकलं तर थेट खालीच! मला तरी अख्ख्या चर्चमध्ये ही जागा सगळ्यात बोलकी वाटते. सफकमध्येच वेनहॅस्टनला तर गंमत झाली. 1892 मध्ये दुरुस्तीच्या वेळी चुना फासलेल्या फळ्या बाहेर टाकल्या, रात्री पाऊस पडला, चुना धुपला आणि खालून अंतिम न्यायाचं चित्र वर आलं. त्यात मधोमध माणसांच्या आकाराच्या कोऱ्या जागा आहेत: त्या तीन मूर्ती तिथे उभ्या होत्या.

बाकीचं भरभर बघितलं तरी चालेल. भिंतीवर राजचिन्ह असेल. पुल्पिटजवळ, म्हणजे प्रवचनाच्या उंच ओट्याजवळ, एखादा लोखंडी आकडा दिसला, तर तो प्रवचन मोजणाऱ्या वाळूच्या घड्याळाचा असू शकतो. घड्याळ बहुधा नसतंच. दारं असलेली, खोक्यासारखी बाकं आणि तीन मजली पुल्पिट बघायचं तर व्हिटबीचं सेंट मेरी गाठा. तिथे काही बाकांवर ‘फक्त परक्यांसाठी’ असं लिहिलंय, म्हणजे तुमची सोय आधीच झालेली आहे.

आणि कोपऱ्यातली लाकडी पेटी चुकवू नका. 1538 मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंदवही ठेवायला लावली. ती ठेवायच्या पेटीला दोन कुलपं हवीत, एक किल्ली पाद्रीकडे आणि दुसरी वॉर्डनांकडे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्यांकडे, असा हुकूम होता. एकट्याला पेटी उघडताच येऊ नये! तेव्हा झाकण कितीही साधं दिसलं तरी कुलपांची भोकं तेवढी मोजा.