वाचकांची पत्रं: जुन्या ऑफ-रोड गाडीला स्टीलची चाकं की अलॉयची?

ताई, माझ्याकडे १९९४ सालची लँड क्रूझर ८० आहे. कंपनीची मूळ अलॉय चाकं, १६ इंची आणि ८ इंच रुंद, अजून गाडीवरच आहेत. पण त्यातल्या एकाला आतल्या बाजूने वेल्डिंग केलेलं दिसतं आणि दुसऱ्याची कड किंचित वाकली आहे. टायर २७५/७० आर १६. रोजचा वापर डांबरी रस्त्यावर, सुट्टीत दगडगोट्यांची नदीपात्रं आणि वर्षातून एखादी वाळूतली मोहीम. स्टीलच्या नव्या चाकांचा पूर्ण संच मिळतोय. मित्र म्हणतात, अलॉय हलकी असतात, मायलेज चांगलं मिळतं, ब्रेक थंड राहतात. काय करू?

स्टील घ्या. पण त्याआधी ते वेल्डिंग केलेलं चाक आजच उतरवा आणि स्टेपनी म्हणूनही ठेवू नका.

ओतीव अलॉय चाक बहुधा ए३५६ जातीच्या ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूचं असतं. ओतल्यावर ते सुमारे ५४० अंशांवर तापवून पाण्यात थंड करतात आणि मग कमी तापमानावर काही तास ‘पकवतात’. चाकाची ताकद या तापवण्या-थंडवण्यातून येते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाभोवतीच्या पट्ट्यातली ती ताकद निघून जाते. वरून ग्राइंडिंग करून रंग मारला की चाक नव्यासारखं दिसतं, आतून मात्र तो भाग मऊ पडलेला असतो. गॅसच्या ज्योतीने गरम करून सरळ केलेल्या चाकाचंही तेच होतं. तुमच्या वाकलेल्या चाकाची कड कोणी तापवून सरळ करून देतो म्हणाला, तर देऊ नका.

आता मित्रांच्या मुद्द्यांकडे वळू. ‘अलॉय हलकं’ हे ऐकून घेण्यापेक्षा दोन्ही चाकं टायरशिवाय वजनकाट्यावर ठेवा. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आहे हे खरं, पण त्याचा ताठरपणाही जवळपास तेवढाच कमी आहे. म्हणून अलॉय चाक जाड करावं लागतं आणि कागदावरचा फायदा बराचसा तिथेच संपतो. समजा, एका चाकामागे ३ किलो वाचले. चार चाकांचे झाले १२. चाक पुढेही जातं आणि फिरतंही, म्हणून वेग घेताना चाकातलं वजन जास्त मोजावं लागतं, पण अगदी कडेवरचं वजन धरलं तरी ते दुपटीपलीकडे जात नाही. म्हणजे फार तर २४ किलो, आणि गाडी दोन टनांहून जड. जेमतेम एक टक्का, तोही फक्त वेग वाढवताना. एकसारख्या वेगाने हमरस्त्यावर जाताना मायलेजमध्ये तो फरक सापडणारच नाही. त्यापेक्षा टायर निवडताना वजन बघा. याच मापाच्या दोन ऑफ-रोड टायरांत तीन-चार किलोंचा फरक सहज असतो, शिवाय ते वजन चाकाच्या सगळ्यात बाहेरच्या घेरावर असतं.

स्प्रिंगखालचं वजन कमी झालं की गाडी मऊ चालते, हेही मित्रांनी सांगितलं असेल. स्वतंत्र सस्पेन्शनच्या हलक्या मोटारीत ते जाणवतं. तुमच्या गाडीला पुढे-मागे सरळ ॲक्सल आहेत. डिफरन्शिअल, ॲक्सलची नळी, हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), ब्रेक हे सगळं स्प्रिंगखालीच आहे. त्या ढिगाऱ्यात ३ किलो कुठे कळणार? ब्रेकचं म्हणाल तर ॲल्युमिनियम उष्णता चांगली वाहून नेतं, पण लांब घाट उतरताना खालचा गिअर न टाकणाऱ्याचे ब्रेक कुठलंही चाक थंड ठेवू शकत नाही.

मी स्टीलच्या बाजूने आहे ती दगडांमुळे. नदीपात्रात आपण टायरची हवा कमी करतो, टायर खाली बसतो आणि रिमची कड दगडाच्या जवळ येते. मार बसतो तो नेमका अशा वेळी. स्टीलची कड आत दुमडते, हवा गेली तर जाते. मग चाक उतरवून सपाट दगडावर टेकवायचं, आतून लाकडाचा ठोकळा लावायचा आणि घणाने कड बाहेर काढायची. दहा-पंधरा मिनिटांत टायर पुन्हा हवा धरतो. दिसायला वेडंवाकडं, पण घरी आणतं. ओतीव अलॉयला तोच मार बसला की तडा जातो किंवा कडेचा तुकडाच निघतो, आणि मग जंगलात कुणाच्याही हातात काही उरत नाही. फोर्ज केलेली, म्हणजे दाबून घडवलेली अलॉय चाकं याला अपवाद आहेत, ती तुटण्याआधी वाकतात. मात्र जुन्या गाड्यांच्या मापात ती मिळणं कठीण. आणि स्टीललाही मर्यादा आहेच: एकाच जागी दोनदा वाकून दोनदा सरळ केलेली कड तिसऱ्यांदा चिरते. वाटेत ठोकून आणलेलं चाक घरी आल्यावर बदलायचं.

आता तो नवा संच बघायला जाल तेव्हा काय तपासाल ते सांगते. माझ्या मते धातूच्या निवडीपेक्षा हा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

तुमचं पीसीडी ६×१३९.७, म्हणजे सहा बोल्ट १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. हे माप इतक्या गाड्यांना आहे की भोकं जुळली म्हणजे चाक आपलंच, असं वाटू लागतं. पुढच्या हबचा गोल भाग चाकाच्या मधल्या भोकातून बाहेर येतो, ते भोक लहान असेल तर चाक बसणारच नाही. रुंदीही पाहा. २७५/७० आर १६ ला निदान ७ इंच रुंद रिम लागते. जुन्या भावंड-मॉडेलांची साडेपाच इंची रिम कोणी स्वस्तात देऊ केली तरी तुमच्या टायरला ती चालणार नाही.

मग ऑफसेट, म्हणजे चाकाचा हबला टेकणारा भाग रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती सरकलेला आहे ते माप. ते उणे असेल तर चाक बाहेर येतं. मूळ अलॉयचा ऑफसेट शून्य आहे. बाजारात उणे २५ चीही चाकं मिळतात, त्यांनी गाडी प्रत्येक बाजूला २५ मिलिमीटर, म्हणजे एकूण ५ सेंटिमीटर रुंद होते. दिसायला रुबाबदार. पण तेवढ्याने चाकाचा भार बेअरिंगपासून बाहेर सरकतो, दगडावर स्टीअरिंगला हिसके बसतात आणि पुढच्या नकलमधल्या (ॲक्सलच्या टोकाला चाक वळवणाऱ्या सांध्यातल्या) वरच्या-खालच्या बेअरिंगांवर ताण येतो. तीस वर्षांच्या गाडीच्या नकलवर तो ताण कशाला टाकायचा? शून्याच्या जवळचंच घ्या.

चाक किती भार पेलू शकतं हे त्यावर छापलेलं असायला हवं. गाडीच्या प्लेटवर मागच्या ॲक्सलची कमाल मर्यादा दिली असते, तिचं अर्ध तरी चाकावर लिहिलेलं हवं. प्लेटवर १८०० किलो असेल तर चाक ९०० किलोंचं पाहिजे. आकडा नसेल तर चाक घेऊ नका. अलॉयवर जेडब्ल्यूएल, व्हीआयए अशा खुणा शोधतात, त्या जपानी चाचणीच्या आहेत आणि असलेल्या बऱ्या. पण भाराचा आकडा स्वतंत्रपणे पाहायचाच.

सगळ्यात जीवघेणा भाग नटांचा, त्यामुळे तो जरा सविस्तर. तुमच्या मूळ अलॉय चाकांचा एक नट हातात घेऊन बघा. त्याला खाली सरळ नळीसारखी मान आहे आणि मानेवर सपाट वॉशर. मान चाकाच्या जाड भोकात शिरते, वॉशर चाकाला दाबून धरतो. स्टीलच्या चाकाचा नट वेगळा: खालून शंकूसारखा निमुळता, कारण स्टीलच्या पातळ थाळीतलं भोकही तसंच निमुळतं असतं. आता जुने अलॉयचे नट स्टीलच्या चाकाला लावले तर? थाळी पातळ, मान लांब. मान आत जाऊन हबवर टेकते, पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चाक मात्र सैल राहतं. उलट, शंकूचा नट अलॉयच्या सपाट बैठकीवर लावला तर तो फक्त भोकाच्या काठावर रुततो आणि थोड्याच दिवसांत ढिला पडतो. म्हणून चाकांसोबत नटांचा नवा संच घ्यायचाच: १२ मिलिमीटर, १.५ च्या आट्याचे, निमुळते. नट हाताने फिरवत बसवताना वळसे मोजा. किमान आठ पूर्ण वळसे मिळाले पाहिजेत, म्हणजे स्टडच्या, हबमधून बाहेर आलेल्या बोल्टच्या, जाडीइतके आटे पकडले जातात. एखादं जुनं अलॉय स्टेपनीला ठेवणार असाल, तर त्याचे सहा नट एका पिशवीत घालून जॅकजवळ बांधून ठेवा.

नट आवळायचे ते समोरासमोरचे, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. स्टील आणि अलॉयचे आकडे वेगळे असू शकतात. नवीन चाकं बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. नव्या चाकांच्या बैठकीवर रंगाचा जाड थर असेल तर तो आधी साफ करा: गाडी चालली की थर चेपतो आणि नट आपोआप सैल होतात. पावडर कोटिंग करून घेणाऱ्यांनी भोकं आणि हबला टेकणारा भाग झाकून घ्यायला सांगावं. (अलॉयला पावडर कोटिंग करताना आणखी सांभाळा. भट्टीचं तापमान साधारण २०० अंशांपर्यंत जातं, ते मिश्रधातू ‘पकवण्याच्या’ तापमानाहून जास्त असू शकतं.)

टायर चढवण्याआधी रिकामं चाक गाडीवर लावून हाताने फिरवा, ब्रेक कॅलिपरला कुठे घासत नाही ना ते पाहा. त्याच वेळी विटेवर पेन्सिल टेकवून तिचं टोक रिमच्या कडेजवळ धरा. फट एकसारखी राहिली पाहिजे. नव्या स्टीलच्या चाकात दीड मिलिमीटरहून जास्त डुलणं दिसलं तर चाक परत करा.

स्टील घेतल्यावर दोन कामं मागे लागतील. एक गंज. बाहेरचा गंज दिसतो, त्याचं काही नाही. टायर जिथे रिमवर बसतो तिथला आणि थाळी व कडं जिथे जोडलेलं असतं त्या वेल्डजवळचा गंज बघायला हवा. दुसरं, चिखल. चाकाच्या आत चिखल वाळला की हमरस्त्यावर स्टीअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंट करून येतात. आधी काठीने आतून खरवडून काढा. धुताना भोकांभोवतीही नजर टाका. नटापासून निघून किरणांसारख्या पसरलेल्या तांबूस रेघा दिसल्या तर नट सैल आहे. हवेच्या खिडक्यांपासून किंवा बोल्टच्या भोकापासून निघालेली एकच बारीक तांबूस रेघ दिसली तर तो बहुतेक तडा आहे. चाक बाद.

तुमची पाचही अलॉय धड असती, तर मी ‘आहेत तीच ठेवा’ म्हटलं असतं. मूळ चाकं त्या गाडीसाठीच बनलेली असतात. उरलेली तीन सांभाळून ठेवा.

माझ्या जुन्या लँड क्रूझरला रिंगवाली चाकं आहेत, ७.५०-१६ चे ट्यूबवाले टायर. पंक्चर घरीच काढता येतं म्हणून ती आवडतात. बदलावी का?

पंक्चर काढायच्या सोयीबद्दल तुमचं बरोबर आहे. मशीनशिवाय, दोन टॉम्यांवर टायर निघतो. पण या चाकांत टायर जागेवर धरते ती एक सुटी लोखंडी रिंग. हवा भरताना ती खाचेत नीट बसली नसेल तर उडते, आणि ती माणूस मारू शकते. म्हणून काही गोष्टी मला तुमच्याकडून पक्क्या हव्यात. चाकाच्या नटांना हात लावण्याआधी व्हॉल्वची पिन काढून सगळी हवा सोडायची. खाच आणि रिंग तारेच्या ब्रशने साफ करून बघायची, गंजाने खाल्लेली किंवा वाकलेली असेल तर वापरायची नाही. एका चाकाची रिंग दुसऱ्याला लावायची नाही. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात, आपण लांब नळी घेऊन बाजूला. हवा असताना रिंगवर हातोडा कधीही नाही.

वाळूत जात असाल तर बदलाच. हवा फार कमी केली की ट्यूबवाला टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर जाते आणि व्हॉल्व मुळापासून फाटतो. एकसंध ट्यूबलेस रिम घ्या, ६ इंच रुंद. टायर बसायच्या जागेच्या आत उंचवटा आहे का ते बोट फिरवून बघा. कमी हवेत टायरची कड आत घसरू नये म्हणून तो असतो. टायरवरही ट्यूबलेस लिहिलेलं हवं.

अलॉय चाकं हबला इतकी चिकटली आहेत की नट काढूनही सुटत नाहीत. घण मारू का?

नका, बाहेरून तर अजिबात नाही. पोलादी हब आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये पाणी, त्यातून मीठ गेलं की ॲल्युमिनियम गंजून फुगतं आणि चाक धरून ठेवतं. मधल्या भोकाच्या कडेने गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी सगळे नट परत लावून प्रत्येकी एक वळसा सैल ठेवा, गाडी खाली उतरवा आणि मोकळ्या जागेत अगदी हळू, एक-दोन मीटर मागे-पुढे करत हलके ब्रेक मारा. बहुतेक वेळा ‘टक’ आवाज होऊन चाक सुटतं. नाहीच सुटलं तर गाडी स्टँडवर घेऊन, आतल्या बाजूने लाकडी ठोकळा लावून, टायरवर, रिमवर नव्हे, चाक फिरवत फिरवत ठोका.

सुटल्यावर हबचा मधला गोल भाग घासून स्वच्छ करा आणि त्याच्यावर चिकटणं रोखणाऱ्या ग्रीसचा पातळ हात फिरवा. स्टडच्या आट्यांना आणि नटांच्या बैठकीला ते लागू देऊ नका, नाहीतर त्याच टॉर्कला नट जास्त आवळले जातात आणि स्टड ताणले जातात.