आधी चुकारा, मग प्लांट

बेटा,

तुझा मेसेज वाचला. रात्री दीड वाजता एवढा लांब लिहिला, आइस्क्रीम प्लांटचं लोन, काचेच्या बाटलीतलं ए२ दूध, म्हणजे देशी गाईचं म्हणून विकतात ते, ॲप, नाहीतर सगळं सोडून पुण्याची नोकरी धरू का, बाबा ऐकत नाहीत, घरचे काका भलतंच म्हणून राहिले. सगळं आलं त्यात, चुकारा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे दुधाचे पैसे, मात्र कुठंच नाही. दूधवाल्याच्या घरची पोरगी आणि चुकाऱ्याचा विषयच नाही! मला राग आला, आता तो या पत्रात दिसला तर सहन कर.

काय करू म्हणून विचारलं ना, तर आधी सांग चुकारे वेळेवर जाऊन राहिले का. दर दहा दिवसांनी, ठरल्या तारखेला, प्रत्येक गावात. जात असतील तर बाकीचं बोलू, नसतील तर आइस्क्रीम-बिइस्क्रीम विसर.

तुला वाटेल काका जुनंच घेऊन बसले. अगं आपल्याकडच्या शेतकऱ्याचं बघ ना. कापसाचा पैसा दिवाळीनंतर, तोही भाव असला तर, सोयाबीन एकदाच, काटोलकडे संत्रा, तो बहार टिकला तर. या सगळ्यात नेमानं हातात येणारा पैसा दुधाचा. कळमेश्वरकडच्या आमच्या एका दूध संकलन केंद्रावर एक बाई चुकारा घेतला की तिथंच ओट्यावर बसून नोटांचे दोन भाग करायची, एक कनवटीला, दुसरा सरळ समोरच्या दुकानात सरकी ढेपेसाठी. चुकारा लांबला की ढेप कमी, ढेप कमी की म्हशीचं दूधही कमी आणि फॅटही कमी, आणि मग आपणच तिला म्हणायचं बाई, फॅट लागून नाही राहिलं तुझं. कमाल आहे आपली!

आता तुझा प्लांट. सप्टेंबर २०२५ पासून आइस्क्रीमवरचा जीएसटी १८ चा ५ टक्के झाला, नागपूरचा मे महिना तर आहेच, ४५ डिग्रीत पोट्टे दुसरं काय खाणार, कागदावर तुझं बरोबर आहे. पण दूध जास्त कधी येते? हिवाळ्यात. आइस्क्रीम खपते कधी? उन्हाळ्यात, म्हशी आटल्या असतात तेव्हा. म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच लोणी आणि पावडर करून ठेवा, पैसा कोल्ड स्टोरेजमध्ये गोठवून बसा, आणि नेमकं तेव्हाच दूध जास्त म्हणून चुकाराही वर्षातला सगळ्यात मोठा. बँकेचा हप्ता थांबत नाही, वीजबिल थांबत नाही, पगार थांबत नाहीत, मग थांबवायला सोपा कोण? तोच, गावातला. तो वकिलाची नोटीस पाठवत नाही, भांडतही नाही, एक दिवस गुपचूप कॅन दुसऱ्याच्या गाडीत चढवतो आणि तुला ते संकलनाच्या आकड्यात दिसते, फार उशिरा.

तो कन्सल्टंट वनस्पती तेल वापरा म्हणून राहिला ना, त्याला चहा पाजून वाटेला लाव. नेहमीच्या आइस्क्रीमला कमीत कमी १० टक्के दुधाचं फॅट लागते, तेल घातलं की ते आइस्क्रीम नाही, फ्रोझन डेझर्ट. तेलच विकायचं तर डेअरी काहून म्हणायची? आणि ए२ चं सांगू, ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, ए१-ए२ चे दावे पॅकेटवरून काढा म्हटलं आणि आठवड्याच्या आत ते मागेही घेतलं. गवळाऊ गाईचं दूध विक ना, चांगलं आहे, पण असल्या अक्षर-आकड्यावर तुझ्या आबांचं नाव टांगू नको.

लोक दिनशॉजचं उदाहरण देतात, १९३२ पासून आपल्याच गावात आहे, चितळ्यांचं देतात. सगळ्यांना बाकरवडी दिसते. भिलवडीत दूध १९३९ मध्ये सुरू झालं, पुण्यातलं मिठाईचं दुकान १९५० मध्ये, क्रम बघ जरा.

आमच्या घरी यावरून काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. एका मोठ्या खरेदीदारानं आमचं पेमेंट अडकवलं होतं, इकडे दूध रोज येऊनच राहिलं होतं. माझा भाऊ म्हणाला थांबू दे गाववाल्यांना महिनाभर, सगळेच थांबवतात. मी वर्धा रोडचा प्लॉट विकला आणि चुकारे केले. पुढं विमानतळाजवळ मिहानचा मोठा प्रकल्प आला, तिकडचे भाव तुला सांगायची गरज नाही. भाऊ वेगळा झाला, अजूनही लग्नकार्यात चार लोकांत तो प्लॉट काढतो. खापरीकडून जाताना माझी मान वळतेच, खोटं काहून बोलू, आणि भावाचं तर त्याहून जास्त लागते मनाला. पण एक गाव तुटलं नाही आमचं! पुढच्या उन्हाळ्यात लिटरमागं जास्त भाव घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या गावात उभ्या राहिल्या तरी आमचे कॅन आमच्याच गाडीत चढले. भाऊ म्हणतो तू हेकेखोर, म्हणून मोठा झाला नाहीस. हाव, आहे हेकेखोर. त्यानं जे सुरू केलं ते आज कुठं आहे ते विचार त्याला. नको, जाऊ दे, विचारू नको.

पुण्याला जायचं असेल तर खुशाल जा, घरच्या धंद्यात राहिलं म्हणजेच पुण्य लागते असं नाही. राहायचं असेल तर बाबांना ते लॅपटॉपवरचं दाखवणं बंद कर, पहाटे चारला डॉकवर, दूध उतरते तिथं, त्यांच्या बाजूला उभी राह. आणि वाढवायचंच तर आधी दही, पनीर वाढव, त्याचा पैसा पुढच्या चुकाऱ्याच्या आत घरी येऊ शकते, फक्त दुकानदाराला महिन्याची उधारी देऊ नको. लोनच्या आधी महिन्याभराच्या चुकाऱ्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाक आणि त्या खात्याला बाबांनाही हात लावू देऊ नको, हे मी गंमत म्हणून नाही सांगत.

रविवारी ये घरी. प्रोजेक्ट रिपोर्ट नको आणू, मागच्या डिसेंबर-जानेवारीत कोणत्या गावाचा चुकारा कोणत्या तारखेला गेला तेवढं लिहून आण. बाबांना विचारशील तर ते सगळं टाइमवर आहे म्हणतील. केंद्रावरच्या पोट्ट्यांना विचार.

तुझा काका