तुमचे प्रश्न : माकडिणीला पाळी येते का?

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये मथुरा-वृंदावनला गेलो होतो. तिथे बऱ्याच माकडिणींचा मागचा भाग आणि चेहरासुद्धा लालभडक दिसत होता. बरोबरच्या बायका म्हणाल्या पाळी चालू असेल. खरंच असं असतं का? आणि मग आपल्या महाबळेश्वरची माकडं एवढी लाल का नसतात? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पाळी येते हे खरं, पण तुम्ही बघितलंत ते रक्त नव्हतं. तो कातडीचा रंग होता. मथुरेची माकडं म्हणजे ऱ्हीसस जातीची, आणि त्यांच्या मादीच्या अंगात इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयातून येणारं हॉर्मोन, वाढलं की चेहऱ्याच्या आणि मागच्या कातडीखालचा रक्तपुरवठा वाढतो आणि ती लाल होते. अंडाशय काढून टाकलं तर ती फिकट पडते आणि इस्ट्रोजेन टोचलं की परत लाल, हे प्रयोगात दिसलेलं आहे. मीलनाच्या दिवसांत नरही लाल होतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून पाळी म्हणता येणारच नाही. उत्तर भारतात साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्यांचा मीलनाचा काळ असतो, तुम्ही नेमके त्यात गेलात. महाबळेश्वर-माथेरानला असतात ती बॉनेट माकडं, डोक्यावर केसांची टोपी असलेली, त्यांच्यात हा रंगाचा प्रकार एवढा ठळक नसतो. काळ्या तोंडाच्या वानरांमध्ये तर रंग बदलतच नाही, मादी मान थरथरवून नराला कळवते.

आता खरी पाळी. ऱ्हीससचं चक्र सरासरी 28 दिवसांचं, म्हणजे जवळपास बाईसारखंच, मध्यावर अंडं सुटतं, नंतर प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भासाठी अस्तर तयार ठेवणारं हॉर्मोन, वाढतं, गर्भ राहिला नाही की ते खाली येतं आणि गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. पण रक्त इतकं कमी असतं की लांबून दिसत नाही, प्रयोगशाळेत कापसाने पुसून तपासावं लागतं. आणि जंगलातल्या माकडिणीला मुळात पाळ्या येतातच किती! साडेपाच महिने पोट, मग पिल्लू अंगावर पितंय, आणि मीलनाचा काळ नसेल तेव्हा अंडाशय बऱ्यापैकी शांत, त्यामुळे आयुष्यातला फार थोडा काळ तिचं चक्र महिन्याच्या महिन्याला चालतं. दर महिन्याला न चुकता पाळी हे बहुतेक पिंजऱ्यातल्या माकडिणीचं चित्र आहे.

पिंजऱ्यातल्या माकडिणींबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वॉल्टर हीप नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ 1890 च्या दशकात कलकत्त्याला आला आणि त्याने आपल्या वानरांच्या पाळीचा अभ्यास छापला, तो 1894 मध्ये. पुढे अमेरिकेत मार्की नावाच्या शास्त्रज्ञाने माकडिणीच्या गर्भाशयाच्या अस्तराचे बारीक तुकडे तिच्याच डोळ्यात, पारदर्शक पडद्याच्या मागे बसवले. तुकडे तिथे जगले, आणि बाहेरून भिंगातून रोज बघता आलं. हॉर्मोन उतरले की तुकडा आक्रसायचा, त्यातल्या वेटोळ्या रक्तवाहिन्या काही तास घट्ट आवळून जायच्या, मग सैल पडायच्या आणि तिथे डोळ्यात रक्त यायचं, खालच्या पाळीबरोबरच. 1940 मध्ये हे छापून आलं. पाळीत रक्त नेमकं कसं सुटतं हे जिवंतपणी तेव्हा बघायला मिळालं. वाचताना मला त्या माकडिणीचं फार वाईट वाटतं, आणि आपल्याला पाळीचं जे कळलंय त्यात तिचा वाटा आहे हेही तितकंच खरं आहे. यातली पुष्कळ माकडं भारतातून गेली होती. 1978 पासून आपण ऱ्हीससची निर्यात बंद केली, ते योग्यच झालं असं माझं मत.

प्रश्न : एन्डोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) डॉक्टरांनी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन दिलंय. म्हणाले हे मेंदूतल्या हॉर्मोनसारखंच आहे, तेच हॉर्मोन पाळी चालू ठेवतं. मग ते घेतल्यावर पाळी बंद कशी होते? पहिल्या आठवड्यात तर दुखणं वाढलंच. (नाव छापू नये, ठाणे)

उत्तर : याचं उत्तर पुन्हा माकडिणींकडेच जातं. मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचं हॉर्मोन सोडतो, ते मेंदूच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं, पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही दोन हॉर्मोन सोडते, आणि त्यावर अंडाशय चालतं. अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने ऱ्हीससच्या मेंदूतली ती छोटी जागा निकामी केली, सगळं थांबलं. मग बाहेरून जीएनआरएच सलग, न थांबता दिलं, तरी एलएच-एफएसएच काही वर येईना. पण तेच तासातून एकदा, फक्त सहा मिनिटं, असं दिलं तर वर आले! आणि असं ठोक्याठोक्याने देत राहिल्यावर माकडिणीला अंडं सुटून पूर्ण चक्र आलं. 1978 आणि 1980 च्या त्यांच्या लेखांत हे आहे. वयातच न आलेल्या छोट्या माकडिणींनाही तासातासाने दिलं तर पाळी सुरू झाली, बंद केलं की परत लहान मुलीसारखी स्थिती.

म्हणजे हॉर्मोन किती यापेक्षा कसं येतं यावर सगळं आहे. दारावर कोणी थांबून थांबून टकटक केली तर आपण उठतो, कोणी बेल दाबूनच धरली तर शेवटी बेलचं कनेक्शन काढून टाकतो. तुमचं इंजेक्शन सतत झिरपत राहतं, पिट्युटरी सुरुवातीला दचकून जास्तच हॉर्मोन सोडते, म्हणून ते पहिल्या आठवड्याचं दुखणं, आणि मग ती प्रतिसाद देणं थांबवते, इस्ट्रोजेन खाली जातं आणि पाळी थांबते. औषध बंद केल्यावर हे परत सुरू होतं. पण इस्ट्रोजेन खूप कमी राहिलं की अंगातून वाफा येणं, झोप न लागणं, हाडं विरळ होणं हे होतं, म्हणून कोर्स मर्यादित असतो आणि बऱ्याचदा जोडीला थोडे हॉर्मोनही देतात. तुमचा कोर्स किती महिन्यांचा आणि हाडांसाठी काय करायचं हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, संकोच अजिबात नको. ज्यांच्या मेंदूतून हे ठोके येतच नाहीत अशा बायकांना उलट छोटा पंप लावून ठराविक वेळाने हेच हॉर्मोन देतात आणि त्यांना दिवस राहतात.

प्रश्न : आमच्या कुत्रीला वर्षातून दोनदा रक्त जातं. तीही पाळीच ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. माकडिणीला रक्त येतं ते चक्र गर्भ न राहता फुकट गेल्यावर, कुत्रीचं अंडं सुटायच्या आधी, माजावर येताना. साधारण आठवडा-दीड आठवडा रक्त जातं आणि ते फिकं पडायला लागतं तेव्हा ती गाभण राहू शकते, त्यामुळे पिल्लं नको असतील तर नेमकं तेव्हाच तिला मोकळी सोडू नका. आणि माज होऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत पू-सारखा स्राव दिसला, ती खात नसेल, खूप पाणी पीत असेल तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, गर्भाशयात पू झालेला असू शकतो आणि त्यात उशीर चालत नाही.